मधल्या रांगेतील प्रतिकृतिकार

पावसाळ्यात मये-डिचोलीकडील चित्रशाळांतून चवथीच्या गणपतींसाठी माती मळली जाते. दिवाळी जवळ आली की गोमंतकातील वाड्यावाड्यांवर नरकासुराचा बांबूचा सांगाडा उभा राहतो, आणि डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती घरांच्या सोप्यावर नाताळचा गोठा आकार घेऊ लागतो. मोठ्या वस्तूचे लहान रूप किंवा मनातील कल्पनेचे मोठे रूप आपल्या हातांनी घडवावे, ही हौस या भूमीला नवी नाही. परंतु या हौसेची एक काटेकोर बहीण आहे. तिचे नाव प्रमाणबद्ध प्रतिकृती. विमान, आगगाडी, जहाज, किल्ला किंवा घर जसेच्या तसे, परंतु ठरावीक पटीने लहान करून बनविणे हा तिचा धर्म. या छंदात पडलेल्या सामान्य कुवतीच्या माणसाला एक प्रश्न लवकरच छळू लागतो. या क्षेत्रात आपली जागा कोणती?

प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी प्रमाण म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे. १:७२ असे लिहिले म्हणजे प्रतिकृतीवरील एक इंच हा मूळ वस्तूवरील ७२ इंच, म्हणजे सहा फूट. या मापाने साडेपाच फुटी माणूस एका इंचाला किंचित कमी भरतो, ३६ फूट दर्शनी लांबीचे घर सहा इंचांत बसते, आणि फूटभर लांबीचा जांभा चिरा चार मिलिमीटरांहून थोडासाच मोठा होतो. आगगाडीच्या छंदात १:८७ हे माप रूढ आहे. त्यात मूळचा एक फूट साडेतीन मिलिमीटरांचा होतो. एकदा माप स्वीकारले की ते सर्वांना लागू. घर या मापाचे आणि अंगणातील तुळशीवृंदावन त्या मापाचे, असे करून चालत नाही.

नाताळच्या गोठ्यात नेमके हेच बिघडलेले पुष्कळदा दिसते. बाजारातून वेगवेगळ्या वर्षी आणलेल्या मूर्ती वेगवेगळ्या उंचीच्या असतात. गाय झोपडीहून उंच आणि मेंढपाळ मेंढराएवढा अशी गंमत होते. त्यावर जुन्या कारागिरांनी शोधलेला उपाय साधा आहे. मोठ्या मूर्ती पुढे, मध्यम मधे आणि लहान मागील टेकडीवर ठेवाव्यात. डोळा लहान आकृतीला दूरची समजतो, आणि दोन फुटांच्या फळीवर कोसभराचा देखावा उभा राहतो. इटलीतील ग्रेचिओ गावी १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकर यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला तो खऱ्या जनावरांसह. पुढे तो मातीच्या व लाकडाच्या मूर्तींत उतरला, आणि अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी त्याला सगळ्या गावगाड्याच्या प्रतिकृतीचे रूप दिले. आठदहा दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरून उगवलेले हिरवे कोंब गोठ्यापुढे शेत म्हणून मांडणारा गोमंतकीय त्याच परंपरेतला आहे.

विमानांच्या छंदाची कथा अलीकडची. इंग्लंडमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच १:७२ या मापात निघाले. १९५३ साली ‘एअरफिक्स’ने स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आणला, आणि श्रीमंतांचा छंद शाळकरी मुलाच्या हाती आला. जपानच्या ‘तामिया’ने १९६०च्या दशकाच्या आरंभी रणगाड्याचा जो संच काढला त्याचे माप १:३५ असे विचित्र पडले. कारण एवढेच की आतमध्ये मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. आज तेच माप रणगाड्यांच्या प्रतिकृतींत जगभर प्रमाण मानले जाते. सोयीपुरती केलेली तडजोड कधी नियम होऊन बसते, हे नवशिक्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. समजा, डिचोलीचा एक गृहस्थ आहे. नोकरी करून आठवड्यातून दोन संध्याकाळी तो मेजावर बसतो. पाच वर्षांत त्याने दहाबारा विमाने जुळविली. पहिल्या विमानाच्या काचेवर डिंकाचे बोट उमटले होते. दहाव्याच्या पंखांचे सांधे दिसेनासे झाले. घरच्यांना कौतुक आहे, शेजारची मुले डोकावून जातात. मग एके दिवशी तो मोठ्या शहरातील प्रदर्शन पाहतो. तेथे कोणी विमानाच्या आसनावरील पट्ट्याची टाचणीच्या टोकाएवढी बक्कल केलेली असते, कोणी इंजिनातील प्रत्येक तार निराळ्या रंगाने रंगविलेली असते. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली उघडलेले जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय पाहणाऱ्याचीही हीच अवस्था होते. १:८७ या मापातील गाड्या, सिग्नल, फाटके आणि स्थानके एका माणसाच्या छंदातून उभी राहिलेली पाहून आनंद होतो, आणि त्याच्या पाठोपाठ खिन्नता येते. घरी परतल्यावर त्या गृहस्थाला आपले विमान ओबडधोबड दिसू लागते. पुढचा संच पेटीतच राहतो. पेटीवर धूळ चढते. छंद असा, कोणी काही न बोलता, मरतो.

येथे चूक कोठे झाली? हात कमी पडला नाही, माप चुकले. ज्या माणसाने प्रत्येक भागाला प्रमाण लावले, त्याने स्वतःला मात्र दुसऱ्याच्या मापाने मोजले. तीस वर्षे रोज चार तास काम करणाऱ्याची फूटपट्टी आठवड्याला दोन संध्याकाळी बसणाऱ्याला लावणे म्हणजे १:७२ च्या घरात १:३५ चा माणूस उभा करणे होय. माणूस छपरातून वर निघणारच.

बायबलमधील ठेवीचा दाखला पुष्कळांना ठाऊक आहे. धनी प्रवासाला जाताना एका चाकराच्या स्वाधीन पाच, दुसऱ्याच्या दोन आणि तिसऱ्याच्या एक अशी द्रव्याची ठेव करतो. प्रवचनांतून पाचवाल्याचे कौतुक होते आणि ठेव पुरून ठेवणाऱ्या एकवाल्याची निंदा होते. दोनवाला कोणाच्या लक्षात राहत नाही. परंतु तो दाखला नीट वाचला तर दिसते की धन्याने पाचवाल्याची ज्या शब्दांनी वाखाणणी केली, त्याच शब्दांनी दोनवाल्याचीही केली. त्यात एक अक्षरही कमी नाही. मधल्या माणसाला यापेक्षा मोठे आश्वासन कोणते हवे? त्याने एवढेच करायचे की दोनाचे चार करायचे. पाचवाल्याचे दहा पाहून आपले दोन मातीत पुरायचे नाहीत.

हाच धडा आपल्याकडील चित्रशाळाही देते. गणपतीच्या शाळेत शिरले की एकजण माती मळताना दिसतो, दुसरा ती साच्यात दाबत असतो, तिसरा सांधे बुजवून ओल्या बोटाने अंग गुळगुळीत करतो, चौथा अंगरंग देतो. डोळ्यांची रेखणी मात्र घरातील जाणत्या हाताने व्हायची असते. ज्याला डोळे रेखता येत नाहीत तो शाळेतून बाहेर जात नाही. त्याने माती नीट मळली नाही तर वाळताना मूर्तीला भेगा जातील आणि डोळे रेखणाऱ्याच्या कसबाला ठावच उरणार नाही. नरकासुराच्या मांडवातही तसेच. मुखवटा करणारा एखादाच असतो. परंतु बांबू चिरणारे, खळ शिजविणारे, कागद चिकटविणारे दहाबारा हात नसतील तर पहाटे जाळायला नरकासुर उभाच राहायचा नाही.

प्रतिकृतिकारांच्या मंडळांचीही गोष्ट निराळी नाही. प्रदर्शनात केवळ श्रेष्ठांची कामे मांडायची म्हटली तर दोन मेजे पुरतील. बाकीची मेजे भरतात ती मधल्या रांगेतील माणसांच्या कामांनी. वर्गणी तेच देतात, खुर्च्या तेच मांडतात, आणि नवख्या मुलाच्या प्रश्नाला उत्तरही बहुधा तेच देतात. नवशिक्याला श्रेष्ठाचे उत्तर पुष्कळदा कळत नाही, कारण आपण स्वतः कोठे अडखळलो होतो ते श्रेष्ठ विसरून गेलेला असतो. मधल्या माणसाला कालची ठेच आठवते. म्हणून तो अधिक चांगला शिक्षक होऊ शकतो.

स्पर्धांविषयीही एक गैरसमज आहे. परीक्षक प्रथम बारीक कलाकुसर पाहतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः जाणता परीक्षक आधी मूळ गोष्टी पाहतो. सांधे भरून घासले आहेत काय, दोन्ही पंख समोरून पाहता समपातळीत आहेत काय, चाके सर्व जमिनीला टेकतात काय, डिंकाचे डाग राहिले आहेत काय, रंग सारखा बसला आहे काय. टाचणीच्या टोकाएवढी बक्कल केलेले विमानही एका बाजूस कलले तर मागे पडते. या मूळ गोष्टींना दैवी हात लागत नाही. धीर आणि पॉलिश पेपर लागतो. शिवाय काही मंडळांनी स्पर्धेची रीतच बदलली आहे. तेथे एकाचे काम दुसऱ्याच्या कामाशी न ताडता ठरीव कसोटीशी ताडले जाते, आणि कसोटीस उतरतील तितक्यांना पदक मिळते. शेजाऱ्याच्या यशाने आपले यश कमी होत नाही.

गोमंतकातील हौशी माणसाने हवामानाचेही पथ्य पाळावे. पावसाळ्यात हवेत ओल इतकी असते की लॅकर जातीचा रंग वाळताना पांढुरका पडतो, आणि पुठ्ठ्याला बुरशी येते. म्हणून कापणे, जुळविणे, घासणे ही कामे पावसात करावी आणि रंगकाम दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखावे. एका वर्षात एकच माप आणि एकच विषय धरावा. पूर्ण झालेल्या कामाच्या तळाशी तारीख लिहावी. पुढील वर्षी तुलना करायची ती या तारखेशी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती विषयाची. स्पिटफायर जगात हजारो श्रेष्ठ हातांनी केले आहे. त्यात मध्यम हाताच्या कामाची भर पडली काय आणि न पडली काय. परंतु पेडण्याच्या वाड्यावरील चिऱ्यांचे, नळ्यांच्या छपराचे घर कोणत्याही कारखान्याच्या पेटीत मिळत नाही. शापोरा नदीकाठचा हळर्णचा म्हणजेच आलोर्णचा किल्ला, तेरेखोलच्या कोटातील संत अंतोनचे चर्च, केरी आणि तेरेखोल यांच्यामधील फेरीबोट यांचे संच कोणी काढलेले नाहीत. डिचोलीच्या खाणींचा माल नदीतून वाहणाऱ्या बार्जी घ्या. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा कित्येक बार्जी नांगरून पडल्या, काही मोडीतही निघाल्या. साठ मीटर लांबीची बार्ज जहाजांसाठी रूढ असलेल्या १:३५० या मापात केली तर ती वीतभराहूनही लहान होते. पुठ्ठा, काडी आणि रंग यांतून ती उभी राहू शकते. ती करणारा या क्षेत्रात बहुधा पहिलाच असेल, आणि पहिल्याला मधला कोण म्हणणार?

यात केवळ हौसेचा प्रश्न नाही. पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले. रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरे पाडून नवी उभी राहत आहेत. मध्यम हाताचा एखादा माणूस फीत घेऊन आजोबांच्या घराची लांबीरुंदी मोजतो, खिडक्यांची उंची टिपून घेतो, सोप्यावरील बाकांचे माप काढतो आणि सहा इंचांत ते घर उभे करतो, तेव्हा त्याच्या हातून एक नोंद होते. चिऱ्यांच्या रेघा थोड्या वाकड्या असतील, नळे जरा जाड झाले असतील. तरीही घर पाडले गेल्यावर नातवाला आपले घर कसे होते ते त्या सहा इंचांतूनच कळेल. श्रेष्ठ कारागीर ते घर करायला येणार नाही. त्याला ते ठाऊकच नाही.

म्हणून डिचोलीच्या त्या गृहस्थाने पेटीवरची धूळ झटकावी. प्रदर्शनाला जावे, श्रेष्ठांची कामे मन भरून पाहावीत, एखादी युक्ती विचारून घ्यावी, आणि आपले कामही संकोच न करता मेजावर मांडावे. शेजारचे पोर डोकावले तर त्याच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा द्यावा. समाजात आपली जागा कोणती हे कोणी चिठ्ठी लिहून सांगत नाही. मेजाशी बसून केलेल्या कामाने ती आपोआप ठरत जाते. गेल्या वर्षीच्या तारखेपेक्षा या वर्षीचा सांधा थोडा अधिक नीट बसला असेल, तर त्या जागेवर बसण्याचा त्याचा हक्क पुरा झाला.