जास्वंद : आधी पान वाचा, मग औषध द्या

मागच्या भागात मोगरा झाला, आज जास्वंद. भिलाईच्या मराठी घरांत, क्वार्टरचं अंगण असो की फ्लॅटची बाल्कनी, गणपतीच्या लाल फुलासाठी एक तरी जास्वंद असतेच. आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही तिचाच : "साहेब, पानं पिवळी पडताहेत, काय घालू?"

माझं उत्तर : आज काहीच घालू नका. फौजेत टेहळणी केल्याशिवाय तुकडी पुढे पाठवत नाहीत. इथेही आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, कोणतं पान पिवळं आहे? खालची दोन-चार जुनी पानं, तीही ऋतू बदलताना, पिवळी होऊन गळली तर तो झाडाचा स्वभाव आहे. खालची बरीच पानं सरसकट फिकट होत असतील आणि वाढ थांबली असेल, तर नत्र कमी पडलंय. दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत द्या. पण शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्यागार असतील, तर ती लोहाची कमतरता.

आता गंमत बघा. दल्ली-राजहराचं लोहखनिज ज्या गावात वितळतं, त्याच गावात झाडाला लोह मिळत नाही! कारण लोह मातीत असणं वेगळं आणि मुळांना मिळणं वेगळं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कुंडीत साठतात, माती अल्कधर्मी होते आणि लोह मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजा. उपाय : एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब, संध्याकाळी पानांवर फवारा, १५ दिवसांनी पुन्हा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात. पावसाचं पाणी साठवून दिलंत तर आणखी उत्तम.

इथे एक इशारा. धानाच्या या मुलुखात डीएपी सहज मिळतं, म्हणून लोक मूठभर टाकतात. त्यात ४६ टक्के स्फुरद असतं. जास्वंदीला ते जास्त झालं की लोह घेणं आणखी अवघड होतं. तिला पालाश आवडतं, स्फुरद थोडंच लागतं.

दुसरी गोष्ट, माती. बोट दोन इंच आत घाला. ओली लागली तर पाणी नको. नवतप्यात, म्हणजे आपल्या रोहिणी नक्षत्रात, पारा ४४-४५ अंशांवर जातो, पान दुपारी मान टाकतं आणि आपण घाबरून पुन्हा पाणी ओततो. संध्याकाळी पान आपोआप उभं राहिलं तर झाड तहानलेलं नव्हतं. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. म्हणून ओल्या मातीतलं झाडही कोमेजतं. उन्हाळ्यात सकाळी भरपूर पाणी, बुंध्याभोवती पैऱ्याचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, आच्छादन आणि दुपारची सावली. एवढं केलं तर कळ्या गळणंही कमी होतं. काळी कन्हार माती कुंडीत एकटी वापरू नका. दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग वाळू, आणि कुंडीखालचं भोक मोकळं.

तिसरी, पानाची मागची बाजू आणि शेंडा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. सोबत मुंग्यांची रांग असतेच, कारण त्याचा गोड स्राव त्या खातात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. तेव्हा मुंग्यांची वाट आधी तोडा. लागलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा, बाकीचं झाड पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा.

फवारण्याआधी नीट बघा : भराभर चालणारा, मोठा, झिपऱ्या पांढरा किडा दिसला तर मारू नका. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी असू शकते. ती पिठ्या ढेकूणच खाते आणि दिसतेही त्याच्यासारखी. तिथे कडुनिंबही नको. आणि झाडात भिनणारं विषारी कीटकनाशक घरच्या जास्वंदीला देऊच नका. फूल देवाला जातं, पाकळ्या डोक्याच्या तेलात जातात, लहान मुलं ती तोंडातही घालतात.

शेवटी छाटणी. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं. गणपतीला फुलं हवीत तर जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर शेंडे एक तृतीयांश छाटा. नव्या फुटीला तयार व्हायला साधारण दोन महिने मिळतात. कापलेल्या पेन्सिलएवढ्या जाड फांद्या फेकू नका. वीतभर तुकडे ओल्या वाळूत सावलीत लावा आणि बदली होऊन आलेल्या शेजाऱ्याला एक रोप द्या.

पुढच्या भागात तगर. तोवर रोज सकाळी पाच मिनिटं झाडाकडे नुसतं बघा. जय हिंद.