मादक पदार्थांची वैधता
गांजा, दारू इ. मादक पदार्थांची विक्री वा सेवन हा गुन्हा मानावा किंवा कसे, यासंबंधीचा वाद. विक्रीस परवानगी देणे म्हणजे वैधीकरण. विक्री निषिद्ध ठेवून सेवनाबद्दलची फौजदारी शिक्षा तेवढी रद्द करणे हे त्याहून वेगळे. पहिला मार्ग युरुग्वायने (2013) गांजापुरता स्वीकारला, दुसरा पोर्तुगालने (2001). चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते.

ब्रिटिश अमदानीत भारतात गांजा परवान्याने विकला जाई. 1893-94 च्या चौकशी आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी कर व परवाना यांचीच शिफारस केली. 1985 च्या केंद्रीय अधिनियमाने गांजा व चरस निषिद्ध ठरविले. नुसती पाने, म्हणजे भांग, मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. हा भेद अपायाच्या मोजमापापेक्षा रूढीतून आलेला दिसतो.

बंदीचे व्यवहारातील फलित वर्धा जिल्ह्यात पाहावयास मिळते. तेथील बंदी अर्थात दारूची आहे. गांधीजींच्या सेवाग्राममुळे तेथे 1974-75 च्या सुमारास दारूबंदी झाली. तथापि वर्धा नदीपलीकडील अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांत परवान्याची दुकाने असल्याने चोरटी वाहतूक थांबली नाही, की मोहाच्या हातभट्ट्याही विझल्या नाहीत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील 2015 ची बंदी शासनाने अवैध दारू व गुन्हे यांचे कारण देऊन 2021 मध्ये उठविली. परंतु ती बंदी स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनाने आली होती. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाणे व घरी मारहाण होणे, हे त्यांचे गाऱ्हाणे महसुलाच्या हिशेबात कोठेच मांडले जात नाही.