रेषेखालील रंग

आमच्या थोरल्या बंधूंनीं वाड्याच्या हस्तलिखित अंकासाठीं टाकानें काढलेलीं व्यंगचित्रें एका पत्र्याच्या पेटींत होतीं. बंधु गेल्यावर पुतणीनें तीं बाहेर काढून संगणकावर रंगविण्याचा घाट घातला. वहिनींना तें रुचलें नाहीं. "त्यांच्या रेघेला कोणीं हात लावावयाचा नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या. मी मात्र कुतूहलानें पुतणीच्या शेजारीं जाऊन बसलों.

एका इंचांत 600 बिंदु या प्रमाणानें तिनें चित्राची प्रत संगणकांत उतरवून घेतली. मूळ कागद पुन्हां पेटींत गेला. मग पिवळटलेला कागद शुभ्र व शाई निखळ काळी करून रेषांचा थर सर्वांत वर ठेविला आणि रंगांचे थर त्याखालीं. वाचक विचारतील, वर पांढरा कागद असतां खालचा रंग दिसावा कसा? येथें मला वर्गांतील गणिताचा तास आठवला. त्या थराला 'मल्टिप्लाय', म्हणजे गुणाकार, असा धर्म देतां येतो. पांढऱ्याची किंमत एक, काळ्याची शून्य. रंगाला एकानें गुणिलें तर तो तसाच राहतो. शून्यानें गुणिलें तर काळें. कागद अदृश्य होतो, रेघ उरते! फोटोशॉपमध्यें असे थर 1994 सालीं आले. पुतणी वापरते ती 'क्रिता' विनामूल्य मिळते. नांव ऐकून मला कृतयुग आठवलें. परंतु तो खडू या अर्थाचा स्वीडिश शब्द निघाला.

खरी अडचण पुढेंच होती. रंगाची बादली ओतली कीं रंग रेषेच्या कुंपणांत भरतो. कुंपणाला फट असली तर चित्रभर वाहतो. दादांची रेघ तर जागोजागीं सुटलेली. पुतणीनें त्या फटी काळ्या रेघेनें सांधल्या, आणि नळावर हंडा घेऊन उभी असलेली हंसरी बाई एकाएकीं रागीट दिसूं लागली. गालाची रेघ दादांनीं अर्ध्यावर सोडली होती. हंसूं तेथेंच होतें. वहिनींचें म्हणणें मला तेव्हां कळलें. पुतणीनें तें सर्व पुसलें, आणि खालच्या थरावर रंगाचीच कड हातानें आंखून तिच्या आंत रंग भरला. रेघ अस्पर्श राहिली.

छायेविषयीं मीं थोडी पंडिताई केली. विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्रांत छायेला 'वर्तना' म्हटलें असून पत्रजा, ऐरिका व बिंदुजा असे तिचे तीन प्रकार दिले आहेत. आचार्य रेषेची प्रशंसा करितात, जाणते वर्तनेची, आणि इतरेजन रंगाच्या श्रीमंतीची, असेंही तेथें आहे. "म्हणजे काका, मी इतरेजन!" पुतणी म्हणाली. तिनें प्रथम मऊ कुंचल्यानें छाया घातली, तों माणसें फुग्यासारखीं दिसूं लागलीं. मग प्रकाश डावीकडून वरून येतो असें धरून एकच ठाशीव कडेची छाया दिली. तीही काळी नव्हे, काळ्यांत रेघ बुडते म्हणून मंद जांभळी, आणि पुन्हां गुणाकाराच्याच थरावर.

सायंकाळीं वहिनींना बोलाविलें. त्या बराच वेळ त्या नळावरच्या बाईकडे पाहत उभ्या राहिल्या.

"तें लुगडें हिरवें नव्हतें," त्या म्हणाल्या. "डाळिंबी होतें."

पुतणीनें बादली एकदां ओतली.

"थोडें आणखी गडद," वहिनी म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.