तापलेला तवा निळा, थंड दही पिवळंधमक

गॅसवरून नुकताच उतरवलेला काळाकुट्ट लोखंडी तवा आणि फ्रीजमधून काढलेली दह्याची वाटी शेजारीशेजारी ठेवा, मोबाइलवर ‘थर्मल’ फिल्टर लावा आणि व्हिडिओ घ्या. तवा गर्द निळा दिसेल आणि दही पिवळंधमक, जणू आत्ताच भट्टीतून काढलंय. रील्समध्ये भाव खाणाऱ्या फिल्टरचं बिंग इथेच फुटतं.

उष्णतेशी त्याचं काही देणंघेणं नसतं. प्रत्येक पिक्सेलमधला लाल, हिरवा, निळा प्रकाश घेऊन तो उजळपणाचा ० ते २५५ मधला एक आकडा काढतो. त्यात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा, कारण आपल्या डोळ्याला तोच जास्त उजळ भासतो. मग तयार रंगपट्टीवर त्या आकड्यापुढे जो रंग असेल तो पडद्यावर येतो. फुल एचडी व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर हा खटाटोप सेकंदाला सहा कोटींहून अधिक वेळा होतो.

खरा थर्मल कॅमेराही रंगपट्टीच वापरतो बरं का! फक्त त्याचा आकडा उष्णतेवरून येतो. आपल्या त्वचेतून निघणारे अवरक्त किरण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. मोबाइलच्या सेन्सरमधल्या सिलिकॉनची धाव जेमतेम १.१ मायक्रोमीटरपर्यंत. शिवाय साधी काच हे किरण अडवते, म्हणून थर्मल कॅमेऱ्याला बहुधा जर्मेनियमचं महागडं भिंग बसवतात. टीव्हीच्या रिमोटचा दिवा काही मोबाइलमध्ये जांभळट चमकतो खरा, पण ते किरण ०.९४ मायक्रोमीटरचे.

चेहऱ्यावर तर गंमतच होते. खऱ्या थर्मल चित्रात नाकाचा शेंडा बऱ्याचदा थंड आणि डोळ्यांचे आतले कोपरे सर्वांत गरम दिसतात, चष्म्याच्या काचा गडद. फिल्टरमध्ये तेलकट नाक चकाकतं म्हणून पिवळंधमक, बुबुळं निळी आणि चष्मा आरपार. काळे केस मात्र दोन्हीकडे थंडच. तेवढाच काय तो योगायोग.

तरीही फिल्टर झकास दिसतो, फक्त प्रकाश सांभाळावा लागतो. एका बाजूने दिवा आणि मागे काळोखी भिंत ठेवली की रंगांचे थर सुटे दिसतात. प्रकाश फारच कमी असेल, तर सेन्सरमधली खरखर निळ्या-जांभळ्या ठिपक्यांसारखी वळवळते. चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर मागून हेडलाइट लावलेली गाडी आली, की कॅमेरा आपणहून चित्र अंधारवतो आणि पिवळा चेहरा क्षणात जांभळा पडतो.