गरज कुणाची, हौस कुणाची?

बी.ए.ला मानसशास्त्र होतं तेव्हा मॅस्लोची गरजांची उतरंड पाठ केली होती. भूक, तहान, झोप तळाशी, वर सुरक्षितता, मग प्रेम, मग मान! १९४३ साली त्यानं ती मांडली आणि आम्ही ती पेपरात उतरवून मार्क मिळवले. पण गरज आणि हौस यांतला फरक मला खऱ्या अर्थानं शिकवला तो कुंभारीच्या एका अक्कानं.

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यानं गेलं की कुंभारी लागते. इथेच गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. पुढे जवळच रे नगर उभं राहिलं. तिथली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. आपण 'अन्न, वस्त्र, निवारा' एका दमात म्हणून टाकतो. त्यातल्या तिसऱ्या शब्दासाठी अनेकींचं अर्धं आयुष्य गेलं!

या वसाहतीतल्या एका बचत गटाच्या बैठकीला मी जाते. एकदा मी मोठ्या उत्साहानं फळ्यावर दोन रकाने आखले, एक गरजेचा आणि एक हौसेचा. म्हटलं, कर्ज मागायच्या आधी आपली मागणी कुठल्या रकान्यात बसते ते पाहायचं. अक्कांना मिक्सर हवा होता. मी पटकन हौसेच्या रकान्यात लिहिला. वर उपदेशही केला, "अक्का, पाटा-वरवंटा आहे ना घरात?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "ताई, पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. वाटण वाटण्यात तास गेला की तेवढ्या विड्या कमी. आणि दिवसभर कात्री धरून मनगट असं दुखतंय, की वरवंटा उचलवत नाही बघा."

शेजारची बाई हसत म्हणाली, "मग परवा कानातले बघत होता, ते काय ओ?"

"ती हौस! ती थांबती की. गरज थांबवली तर अंगावर येती."

मी निमूटपणे मिक्सर पुसला आणि पलीकडच्या रकान्यात लिहिला.

घरी आले. माळ्यावर फूडप्रोसेसरचा खोका दिसला. दोन वर्षांपूर्वी "अगदी गरजेचाच आहे" असं यजमानांना पटवून घेतलेला. वापरला असेल चारदा! मिक्सर तर ओट्यावर होताच. अक्कांच्या गरजेला हौस म्हणणारी मी, माझ्या हौसेला मात्र बेधडक गरज म्हणत होते.

मैत्रिणींनो, वस्तूवर गरज किंवा हौस असा शिक्का नसतो. तीच वस्तू एकीच्या मनगटाला विसावा देते, तर दुसरीच्या माळ्यावर धूळ खाते. हौस करूच नये असं नाही. कानातल्यांशिवाय सण कसला? पण खरेदीआधी स्वतःला एवढंच विचारावं, ही वस्तू आणली नाही तर काय अडेल? आणि दुसरीच्या मागणीवर शिक्का मारायच्या आधी तिलाही हेच विचारावं.

अक्कांचं कर्ज मंजूर झालं. माझा फूडप्रोसेसर अजून माळ्यावरच आहे. पण यंदाच्या दिवाळीच्या यादीतून तीन वस्तू मी स्वतःच्या हातानं खोडल्या आहेत.