वरच्या दाढेचं मूळ आणि गालातली पोकळी

आमच्या आपांना गेल्या वर्षी एकाच बाजूची सर्दी धरून बसली होती. सजद्यात गेलं की उजवा गाल जड व्हायचा, नाकात घाण वास यायचा. आम्ही दोन महिने वाफ, काढा, गोळ्या करत बसलो. दोष निघाला दाढेत! तीन वर्षांपूर्वी रूट कॅनल केलेली वरची दाढ.

डोळ्याखाली गालाच्या हाडात हवेची पोकळी असते, तिला आपण सायनस म्हणतो. इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ साली तिचं सविस्तर वर्णन केलं होतं. वरच्या मोठ्या दाढांची मुळं हिच्या तळाला लागून असतात. कुणाच्या मधे पातळ हाड असतं, तर कुणाच्या नुसता पडदा. मुळाच्या टोकाशी संसर्ग झाला की तो वर चढतो.

अशा वेळी सहसा आधी रूट कॅनल पुन्हा करून पाहतात. ते जमत नसेल तर शस्त्रक्रिया. जागा बधिर करून हिरडी उचलतात, हाडात छोटी खिडकी पाडतात, मुळाचं टोक साधारण ३ मिलिमीटर कापतात, तिथून सिमेंटसारखं औषध भरतात आणि टाके घालतात. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळं. टाळूकडच्या मुळापर्यंत पोचणं जरा अवघडच. खरी भीती पडदा फाटण्याची किंवा कापलेलं टोक सायनसमध्ये पडण्याची. लहान फाट बहुतेक वेळा आपोआप भरते, टोक मात्र काढावंच लागतं. म्हणून आधी थ्री-डी स्कॅन करतात. साध्या एक्स-रेत मुळं आणि पोकळी एकावर एक दिसतात. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते लपवू नका.

नागपुरात मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. जुने एक्स-रे सोबत न्या.

नंतर साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, स्ट्रॉने प्यायचं नाही. खर्रा तर अजिबात नाही (आपल्या मोहल्ल्यात हेच सगळ्यात कठीण). वुजूत नाकात पाणी जोराने ओढू नका; रोज्यात जपून घेतो तसंच. शंका असेल तर इमामसाहेबांना विचारा.

आपांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. दाढेतली चौथी बारीक नळी पहिल्या वेळी राहून गेली होती. ती साफ केली आणि महिनाभरात वास गेला.