संगणक, दूरचित्रवाणी आणि ध्वनीची वाट

खेळांसाठी सिद्ध केलेला संगणक, विशाल पडद्याची दूरचित्रवाणी आणि श्रोत्यास चहूबाजूंनी वेढणारे पाच ध्वनिक्षेपक व एक सबवूफर, ही सारी मंडळी एकाच दिवाणखान्यात सुखाने नांदावीत अशी ज्याची इच्छा असेल, त्याने प्रथम प्रत्येक यंत्राची एचडीएमआय आवृत्ती बारकाईने तपासावी. कारण बहुतेक तंटे तिथेच उद्भवतात. संगणकाचे चित्र ध्वनिक्षेपक चालवणाऱ्या रिसीव्हरमधून टीव्हीकडे नेले आणि तो रिसीव्हर २.० आवृत्तीचा असला, तर सेकंदाला १८ गिगाबिट एवढाच त्याचा परवाना असल्यामुळे, १२० हर्ट्‌झचे ४के चित्र पूर्ण रंगमाहितीसह त्यातून जात नाही, आणि ४८ गिगाबिटांची २.१ आवृत्ती बाळगणाऱ्या महागड्या टीव्हीलाही (मी सहा महिने हेच केले!) ६० हर्ट्‌झवर समाधान मानावे लागते.

यावर माझी तजवीज अशी, की चित्राची तार संगणकातून थेट टीव्हीला द्यावी आणि ध्वनीची रवानगी ई-एआरसीच्या, म्हणजे एचडीएमआय तारेतूनच ध्वनी उलट धाडणाऱ्या, मार्गाने टीव्हीतून रिसीव्हरकडे करावी. २००९ सालच्या १.४ आवृत्तीबरोबर आलेली जुनी एआरसी मात्र इथे अपुरी पडते. डॉल्बी डिजिटलसारखा संकुचित ध्वनी ती नेते खरा, परंतु संगणकावरील खेळ सहसा जो असंकुचित बहुवाहिनी पीसीएम ध्वनी धाडतात, त्याच्या दोनच वाहिन्या तिच्यातून पार होतात.

टीव्हीस ई-एआरसी नसल्यास ग्राफिक्स कार्डातून दुसरी तार सरळ रिसीव्हरला जोडावी. विंडोज त्यास दुसरा पडदा समजते आणि माऊसचा बाण अधूनमधून त्या अदृश्य प्रांतात परागंदा होतो, एवढाच काय तो जाच. विंडोजच्या ध्वनिविभागात ५.१ची निवड करण्यास मात्र विसरू नये, अन्यथा मागचे ध्वनिक्षेपक मूकच राहतात.